दीड इंच

खारीवाव रोडला, घड्याळवाल्याच्या वर,
जिन्याला दोर बांधलेला; तो धरून चढायचं.
शकूताई हेंद्रे. गुजराती गिऱ्हाइकांची शकुबेन.
गळ्यात टेप, ओठांत टाचण्या,
तरी बोलणं टोचत नाही.

मी म्हटलं, छाती छत्तीसच लिही.
ती टेपकडे बघत म्हणाली, अडतीस.
म्हटलं, भाच्याचं लग्न माघात आहे, तोवर उतरेन मी.
रात्रीचं जेवण सोडलंय.
सेव-उसळीच्या गाडीवरून जाताना
श्वास धरते.
ती हसली नाही. वही काढली.

लाल कापडी पुठ्ठ्याची वही,
माझ्या नावाला एक आख्खं पान:
शहाण्णव साली बत्तीस,
मग मुग्धाच्या वेळची खाडाखोड,
मग थायरॉईडचं वर्ष,
मग आई गेली ते वर्ष, आकडे एकदम खाली
(तेव्हा सगळे म्हणाले होते, किती छान बारीक झालीस).
बोट फिरवत खालपर्यंत आले.
कुठे शेरा नाही.
अरेरे नाही, शाब्बास नाही.
नुसती तारीख, माप,
आणि एका ठिकाणी, 'बाही सैल आवडते'.

शेरे मी मारते.
आंघोळीनंतर, टॉवेल गुंडाळायच्या आत,
आरशावरची वाफ न पुसता.
दंडांना काय काय म्हणते,
पोटाला तर नावच ठेवलंय, ते इथे लिहिणार नाही.
एकदा गरब्यात कुणीतरी मुग्धाला 'ढोली' म्हणालं
तेव्हा मी रिंगण मोडून भांडायला गेले होते,
हातात एकच दांडिया, दुसरी कुठे पडली कळलंही नाही.
सुरसागरापर्यंत ऐकू गेलं असेल.
माझ्या बाजूने असं
कोण भांडणार होतं माझ्याशी?

मापाला म्हणून जुना ब्लाउज नेला होता,
मुग्धाच्या बारशाचा, डाळिंबी.
शकूताईने तो सशाची कातडी सोलावी तसा उलटा केला.
'हे बघ.'
दोन्ही काखांखाली दीड-दीड इंच कापड
दुमडून, टाके घालून दाबलेलं.
'पंचवीस वर्षं आहे तिथे. सगळ्यांच्याच ठेवते.
सासरे म्हणायचे, कापड कमी पडलं तर बाहीत काटकसर कर,
मायेत नको.'

माया.
शिवणीच्या आत सोडलेलं जादाचं कापड.
शब्द काही नवा नव्हता.
आई याच जिन्यावरून ओरडून विचारायची,
माया ठेवलीय ना गं पोरीच्या झंपराला?
मला वाटायचं ती कापडाबद्दल बोलतेय.
कापडाबद्दलच बोलत असणार.
तरी मी टेबलाची कड धरून जरा वेळ उभी राहिले,
आणि शकूताई उगाच दोरा ओवत बसली.

मग पुन्हा टेप. तिचे हात गार.
माझं पोट आपोआप आत गेलं,
चौदाव्या वर्षापासून जातं तसं.
'सोड,' ती म्हणाली. 'लग्नात श्वास घेणार आहेस ना?'
सोडलं.
सव्वाअडतीस.
तिने लिहिलं, तारीख घातली, वही मिटली.

घरी येऊन ब्लेडने जुन्याच्या शिवणी उसवल्या.
आतलं कापड कोरं निघालं,
दुकानात पाहिलं होतं तो रंग, भडक डाळिंबी;
बाकी सगळा ब्लाउज उन्हापाण्याने विटलेला.
नवी शिवण हातानेच घातली, वाकडी.
मुग्धा म्हणाली, आई, काखेखाली गडद पट्टे दिसतायत.
दिसू देत.

आरशासमोर गेले. वाफ पुसली.
नेहमीचं काहीतरी ओठांवर आलं होतं.
टाचणीसारखं
तसंच धरून ठेवलं.