ओलं गोणपाट

संपर्ककोन एकशे एकसष्ट अंश.
पाण्याखाली, पडद्यावर, तेलाचा थेंब
घाईतल्या पाहुण्यासारखा टेकतो, बसत नाही.
जरा कललं की घरंगळतो.
केंभावी सर चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "पुन्हा मोजा."
मी पुन्हा मोजते. एकशे साठ.

पडदा म्हणजे स्टीलची बारीक जाळी,
तिच्यावर जेलचा लेप, केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका,
माटुंग्यातल्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसी आमच्यासाठी नाही, यंत्रासाठी चालतो.
अट एकच: आधी भिजवायचा.
कोरडा पडदा कुणालाही आत घेतो,
तेलालाही, आणि मग ते निघत नाही.
भिजलेला मात्र पाणी पोटाशी धरतो
आणि त्या पाण्याआडून तेलाला सांगतो,
पुढचं घर बघ.

हे एका शोधनिबंधात पहिल्यांदा वाचलं
तेव्हा एकटीच हसले.
माझ्या बापाला हे माहीत होतं.

दारूखान्यात, ओहोटीला चिखलात रुतलेल्या जहाजाच्या पोटात
अण्णा कमरेला दोर बांधून उतरायचे.
तळाचं पाणी बादलीनं वर यायचं, काळं,
वर सप्तरंगी साय.
इस्माईल मुकादम ओरडायचा, "पहले बोरी भिगाव!"
चौघं गोणपाटाची चार टोकं धरायचे.
पाणी खाली गळायचं, तेल वर राहायचं,
जड, थरथरतं, म्हशीच्या डोळ्यासारखं.
ते डब्यात. डबा भंगारवाल्याकडे.
डब्यामागे अकरा रुपये, चौघांत.
माझा भूमितीचा कंपास त्यातला.
आई सदऱ्याला आधी लाकडाचा भुसा चोळायची,
मग बेसन, मग रॉकेल,
मग नुसतीच मोरीत बसून राहायची.

मार्चमध्ये बाहेरचं पाणी आणलं.
तोवर आमचं तेल शहाण्या मुलासारखं होतं,
बाटलीतलं, फोटोसाठी लाल रंग घातलेलं.
दारूखान्याचं पाणी दोन कॅनमध्ये, टॅक्सीच्या डिकीत.
टॅक्सीवाल्यानं परळपर्यंत चारही काचा खाली ठेवल्या.
चौदाव्या मिनिटाला धारेचे थेंब झाले.
सतराव्याला पडदा बंद.
गंज, गाळ, साबण, माणसांची लघवीसुद्धा असेल,
सगळ्यांनी मिळून तेल कुटून कुटून
पाण्यात लपवलेलं.
वरदानं वहीत लिहिलं: फाउलिंग.
मी पेनाचं टोपण लावलं.

शनिवारी अण्णांना घेऊन गेले.
गेटवर पेडणेकरांनी रजिस्टर पुढे केलं.
"कामाचं स्वरूप" या रकान्यापाशी अण्णा बराच वेळ थांबले,
मग लिहिलं: तेल.
दोन जिने. मध्ये तीनदा थांबून.

जाळी त्यांनी ट्यूबलाइटकडे धरली, एक डोळा मिटला,
भोकं दिसेनात तेव्हा फुंकर मारून पाहिली.
"कशानं धुतेस?"
"अल्कोहोलनं."
"कशानं का धुवेना. उलट्या बाजूनं धू.
गोणपाट आम्ही पालथं करून आपटायचो."
केंभावी सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

पालथा करून, मागून दाब देऊन धुतला.
धार आली. पहिल्यासारखी नाही, सत्तर टक्के.
दुसऱ्या खेपेला पन्नास. तिसऱ्या खेपेचं विचारू नका.
पण खाली चंचुपात्रात पाणी जमलं होतं,
नितळ म्हणवत नव्हतं,
तरी पलीकडे धरलेली बोटं मोजता येत होती.
आम्ही सगळे त्या पाण्याकडे बघत होतो.

अण्णा वरच्या नळीत उरलेल्याकडे.
"आणि याचं काय करता?"
वरदा म्हणाली, "ते वेस्ट, काका. पिवळ्या पिंपात."
"टाकता?"

मी हात धरायच्या आत बोट बुडवलं,
अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं,
डोळे मिटून घेतले.
"फर्नेस आहे," म्हणाले.
"डिझेल असतं तर
पंधरा मिळाले असते."