घुसळण

अनारकुल आली ती तक्रार घेऊन नाही,
पाच लिटरची बाटली घेऊन आली.
"बघ," म्हणाली, "ही पुढच्या सीटवर असते.
सरळ रस्त्याला किमिझ गप्प.
चढाला गप्प. वळणावर एका अंगाला कलतं, तेही गप्प.
ब्रेकवर पाय ठेवला की थरथरतं,
तापातल्या पोरासारखं.
पाय काढला की पुन्हा निपचित."

कारा-बाल्तात माझं गॅरेज आहे एकवीस वर्षं.
लोक येतात, म्हणतात, गाडी कशीतरीच करते.
इतकं नेमकं निदान
घोडीच्या आंबलेल्या दुधानं
माझ्या दारात पहिल्यांदाच केलं.

जुनी ऑडी. नवरा सायबेरियात, बांधकामावर.
आणि ही सुसामीरच्या कुरणातून घाट उतरते
आठवड्याला दोनदा, कॅन भरून.
"उतारावर गिअर कोणता?"
"चौथा. पेट्रोल वाचतं."
मी काही बोललो नाही. जॅक लावला.

तांबूस गंज पाहून ती दचकली.
तो नाही, म्हटलं, तो रात्रीच्या दवाचा पाहुणा,
पहिल्या दोन ब्रेकांत निघून जातो.
हे बघ, निळे डाग,
रिकामी कढई चुलीवर विसरल्यासारखे.
आणि इथं बोट नको, नख फिरव.
तिनं फिरवलं. अडखळलं
एकदा, दोनदा, मग एका चरीत चक्क थांबलं.
कडेला बोटाला लागेल असा काठ उभा राहिलेला,
ताटाला असतो तसा.
डिस्कला काठ नसतो, अनारकुल.
तो उंच झालेला नाही, बाकीची खाली गेलीय.

"लेथवर घास," ती म्हणाली. "नवी नको.
पोरीच्या दाताला पैसे ठेवलेत."

मायक्रोमीटर लावला आठ ठिकाणी.
नवी असते पंचवीस मिलिमीटर.
तेवीस ही हद्द, डिस्कच्या अंगावरच कोरलेली,
गंजाखाली, कुणी वाचत नाही अशा जागी.
हिची भरली तेवीस पूर्णांक चार.
चर जाईपर्यंत दोन्ही अंगांनी घासायची
तर सहा दशांश जाणार.
वजाबाकी तिनंच केली, मोठ्यानं,
आणि माझ्याकडे बघत राहिली
जणू हद्द मी घातली होती.

घासता आली असती. लेथ नाही म्हणत नाही.
मेहुण्याची घासली होती मी अशीच, नात्यापोटी,
आरशासारखी चमकली होती.
बोगद्याच्या अलीकडे तडकली.
माणसं वाचली, डिकीतल्या दोन मेंढ्या गेल्या.
अजून तो माझ्या घरी बसत नाही,
चहा उभ्यानंच पितो.

हे तिला सांगितलं नाही.
म्हटलं, डावी घासण्यासारखी आहे अजून,
पण बदलायच्या तर दोन्ही.
एक पाय नव्या बुटात, एक जुन्यात,
असा घाट उतरतं का कुणी?
"मी उतरलेय," ती म्हणाली.

बिश्केकहून जोडी मागवली, पॅडसकट.
अर्धे पैसे, अर्धी उधारी,
दाताच्या पैशांना हात लावला नाही.
सपाट रस्त्यावर मी शेजारी बसलो.
साठवर ने, दहावर आण, थांबू नको. पुन्हा.
वीस वेळा. नव्या लोखंडाला नव्या पॅडची ओळख
अशी बेताबेतानंच करून द्यावी लागते.
बाटली माझ्या मांडीवर.
विसाव्या वेळी किमिझ पुढे कललं
आणि मागे आलं, बस्स.
"रस्त्याकडे बघ!" मी ओरडलो,
कारण तीही बाटलीकडेच बघत होती.

जुन्या डिस्क घेऊन गेली,
तंबूच्या दोऱ्यांना वजन म्हणून.

महिन्यानं आली. उधारीतले थोडे, आणि एक कॅन.
प्यालो. जड, झोपाळू,
तळाला साका बसलेला.
"काय झालं याला?"
"तुझीच करणी. पूर्वी घाटातच घुसळून निघायचं.
आता पहाटे उठून मला रवी फिरवावी लागते,
हजार वेळा." आणि दंड चोळत गाडीत बसली.
"उतारावर गिअर?" मी विचारलं.
"दुसरा," ती म्हणाली.
"पेट्रोल तुझ्या उधारीतून वळतं कर."