मांड्याची खूण

मेडिकलच्या काउंटरवर मी दिवसभर
डाग घालवायच्या ट्यूबा विकते.
सिलिकॉनची वरच्या फळीवर, महाग म्हणून.
कांद्याच्या अर्काची खाली, गुलाबी खोक्यात.
गिऱ्हाइकं नाव वाचून हसतात,
"कांदा तर ताई आमच्या खळ्यात सडतोय."

मी सांगते ते पाठ आहे:
जखम आधी भरू द्या, खपली ओढू नका,
मग दिवसातून दोनदा, बोटाने गोल गोल, जरा दाबून.
उन्हात झाका. अमळनेरचं ऊन डाग शाईसारखा पक्का करतं.
आणि लिंबू नको.
कोणी काहीही सांगो, लिंबू नको.
किती दिवस, विचारतात.
महिने, मी म्हणते,
आणि बरेच जण ट्यूब परत ठेवतात.

परवा एक मुलगी आली, रुमालाने गाल झाकून.
कुकरची वाफ लागलेली, मागल्या पोळ्याला.
"शनिवारी पाहुणे येणारेत. तोवर जाईल?"
मंगळवार होता.

माझ्या मायचे हात
कुठल्याच फळीत बसत नाहीत.
तीस वर्षं ती लग्नांत, आखाजीला,
खापरावर मांडे टाकते.
पुरण पोटात घेतलेला गोळा
तिच्या तळव्यांवरून मनगटांवर, मनगटांवरून पुढे,
वाढत, पातळ होत, पलीकडची चूल दिसेल इतका,
आणि एका झटक्यात उलट्या खापरावर.
खापर चुकी मागे ठेवत नाही.
पारोळ्याच्या एका लग्नात त्याने तिची उजवी पोटरी धरली,
हाताची, कोपराच्या चार बोटं अलीकडे.
पन्नास मांडे बाकी होते.
हळद-तूप चोपडून तिने ते केले.

नंतर गल्लीने उपचार केले.
कोरफड निर्मलामामीची, मध कोणाचा तरी,
टूथपेस्ट, चुलीतली राख,
शंभरदा धुतलेलं तूप काशाच्या वाटीत.
तिने कोणाचंच मन मोडलं नाही.
डागाने सगळ्यांचं थोडं थोडं ठेवून घेतलं:
कडा उठलेल्या, मध्ये चकचकीत,
थंडीत खाजणारा.

पहिल्या पगारावर मी तिला धुळ्याला नेलं.
स्किनवाल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं.
जुना आहे. इंजेक्शनं देऊ, सपाट होईल, मग लेझर.
पूर्ण नाही जायचा. फिका होईल.
"कितला फिका?"
त्यांनी घड्याळाचा पट्टा सरकवला,
खालची उजळ कातडी दाखवली. इतका.

परतीच्या एसटीत ती गप्प होती.
अर्ध्या रस्त्यात म्हणाली,
"हाऊ डाग ग्या ते
मांडा कोठलगून ताणू? माले कसं समजी?"

मला कळेना. तिने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली,
दोन्ही हात हवेत धरले,
आणि समोरच्या सीटपर्यंत नसलेला मांडा पसरत नेला.
डागाला टेकला. थांबली.
ह्याच्या पुढे फाटतो.
ह्याच्या अलीकडे जाड राहतो, वरात नावं ठेवते.
कंडक्टर तिकिटं विसरून बघत राहिला.

मी तरी एक ट्यूब आणलीच,
मुदत जवळ आलेली, शेठने निम्म्यात दिली.
ती रात्री माझ्याच हनुवटीला लावते,
लहानपणी ओट्यावरून पडले होते तिथे.
मला आरशात तो डाग सापडत नाही.
तिचं बोट दिवा न लावता बरोबर तिथे जातं,
गोल गोल, जरा दाबून.
मी शिकवलंय तसं.

सोमवारी ती मुलगी पुन्हा आली. रुमाल होताच.
पाहुण्यांचं मी विचारलं नाही.
तिने वरच्या फळीकडे बोट केलं.
महिने लागतात, मी म्हणाले.
"माहितीये," ती म्हणाली,
आणि सुटे पैसे मोजत राहिली.