फुटाचा हिशेब

बेक्कीनकेरीत काल नऊशे फूट गेलो.
धूळ आली नुसती. आधी तांबडी, मग पिवळी,
मग काळ्या दगडाचं पीठ, पोरांच्या भुवयांवर बसलेलं.
तिरुचेंगोडूची पोरं ती. त्यांना तमिळ येतं आणि रॉड मोजता येतात,
मला तेवढं पुरतं.
नारळवाला लुमाण्णा म्हणाला होता, इथं धार आहे.
नारळ तळहातावर उभा राहिला, मी बघितलं.
खरं नारळाला काय,
उभं राहायला त्याला डिझेल लागत नाही.

रात्री अर्पिताचा फोन.
याकुत्स्कला डॉक्टरकीचं तिसरं वर्ष. पापण्यांवर हिमाचं मीठ.
आप्पा, म्हणाली, तुमच्या धंद्यातली गोष्ट वाचली एक.
इथल्या कुणा व्यापाऱ्यानं अंगणात विहीर काढायला घेतली,
दोनशे वर्षांमागं.
दहा वर्षं खणत होते. पावणेचारशे फूट.
पाणी लागलंच नाही, तळापर्यंत गोठलेली जमीन.
तिची आई मागनं हसली.
मी हसलो नाही.
विचारलं, खणायला काय वापरलं?

मग ती सांगत बसली.
उन्हाळ्यात वरची चार-सहा फूट तेवढी सैल होते,
चिखल, डास, गवत, की पुन्हा बंद.
खाली हजार फूट दगड झालेली माती
आणि मातीत पाणी, जागच्या जागी.
घरं खांबांवर उचललेली,
चुलीची ऊब जमिनीला लागू नये म्हणून.
कुणी गेलं तर आधी जमिनीवर जाळ करतात,
मऊ पडली की खड्डा.
आमच्यात जाळ माणसाला. तिकडं मातीला.

खरं आता ती सुटायला लागलीय म्हणे.
होस्टेलची पायरी वीतभर खाली गेली,
दार लागत नाही, सुतार दर महिन्याला कड तासून जातो.
तर तिथंही पाइप रोवतात, भिंतीकडेनं, रांगेत.
पाणी काढायला नव्हे,
हिवाळ्याची थंडी खाली पोचवायला.
तीस वर्षं मी केसिंग उतरवलं.
एकाही पाइपाला कधी म्हटलं नाही,
आत आहे ते आतच धर बाबा.

माझ्या वहीत गावं आहेत.
उचगाव एकशेऐंशी, दोन इंच पाणी, सन अठ्ठ्याण्णव.
कडोली चारशेदहा. हलगा सहाशेसाठ, मचूळ.
काल लिहिलं, बेक्कीनकेरी नऊशे, धूळ.
त्याच्याखाली, का कोण जाणे, याकुत्स्क.
हजार फूट. पाणी आहे, खरं येत नाही.
पेन तिथंच टेकवून बसलो थोडा वेळ.
शेवटचे दोन शब्द खोडले.
लिहिलं, येऊ नये.
पाण्याबद्दल असं मी आजवर लिहिलेलं नाही.

सकाळी लुमाण्णा दारात, दुसरा नारळ घेऊन.
म्हणाला, वीस पावलं पूर्वेला.