एका दाण्याचा फरक

वरणगावच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं
अप्पांनी काडतुसं तपासली,
स्वतः एकही झाडलं नाही.
गेज सेक्शन, सकाळची पाळी.
ज्यात सुई अडते ते बाद,
ज्यात सुई सैल तेही बाद,
घरी भाकरीसुद्धा उजेडात धरून पाहायचे.

आता मागच्या खोलीत त्यांचं टेबल,
टेबलाला बोल्टनं आवळलेला प्रेस,
भिंतीवर क्लबचा परवाना, काचेत,
गजाननाच्या तसबिरीपेक्षा वीतभर वर.
मे महिना. भुसावळ सत्तेचाळीसवर.
तरी पंखा बंद.
काट्याला वारा चालत नाही.

झाडलेल्या केसेस चिंचेच्या पाण्यात भिजायच्या.
आई होती तेव्हा म्हणायची,
देवाची भांडी राहिली काळी,
ह्यांचं पितळ बघा.
गल्लीत कुणी विचारलं, अप्पा काय करतात,
तर मी सांगायचे, दारू मोजतात.
लोक हसायचे.
ज्यानं उभ्या जन्मात सुपारी खाल्ली नाही तो माणूस.

"ग्रेन म्हंजे दाना," अप्पा सांगायचे.
"आपल्या दादरचा नाही वं, जवाचा.
कुन्या देशातल्या कुन्या जवाचा, काय मालूम.
पन इथं एक दाना चुकला
तर हजार यार्डांवर हातभर चुकतं."
चिमटीतून दारू पडायची पारड्यात,
कण, कण, मग अर्धा कण,
आणि मी दारात श्वास धरून,
पुढे रायफलमागे धरायची तसाच.
नेम तिथं शिकले मी. रेंजवर नंतर गेले.

रविवारी सातपुड्याच्या पायथ्याशी
चटईवर पालथी पडले. कोपराखाली गरम मुरूम.
दुर्बिणीत मृगजळ सरळ वर उकळत होतं,
डावीकडे नाही, उजवीकडे नाही.
नऊ गोळ्या चहाच्या बशीत मावतील एवढ्यात.
दहावी
वीतभर खाली.

खंदकातून सुभान तडवीनं काळी चकती लावली,
खाली घेतली, पुन्हा वर केली,
त्यालाही खरं वाटलं नसावं.

अप्पा मागं खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर.
मी म्हटलं, वारा आला मध्येच.
ते काही बोलले नाहीत.
बांधापलीकडच्या केळीकडे पाहत राहिले.
पार चिंध्या झालेलं एक पान,
श्वासानंही हलेल असं,
लोंबत होतं. जागच्या जागी.
"आला आसंल," म्हणाले.

रात्री ते झोपल्यावर
उरलेली वीस मी खोलली, एकेक.
गोळी वेगळी, दारू वेगळी,
पारड्यात ओतून, काटा थांबेपर्यंत थांबून.
कागदावर रेघा मारत गेले.
सराफ्यात लोक सोनं असं तोलतात,
पण तिथं कमी भरलं की भांडता येतं.

"किती?"

दारात उभे. बनियन, उघडे पाय.
कधीपासून, कळलं नाही.
"पाच," मी म्हटलं.
"जड का हलके?"
"हलके. अर्धा दाणा."
मान हलवली, पाळी संपताना रजिस्टरवर
सही करायचे तशी.
उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता,
आणि डावा
तेवढाच थरथरत होता.

"मले वाटलं व्हतं चार असतीन."

चष्मा पुसला, तोही हळूच.
टेबलाची खुर्ची थोडी पुढं सरकवली,
माझ्या उंचीला येईल एवढी,
काट्याची पातळी बोटानं एकदा तपासली,
आणि मोरीकडे गेले.

मागून जाऊन दिवा लावला मी.
तिथं पातेल्यात चिंच
केव्हाचीच भिजत घातलेली,
मऊ झालेली,
आणि शेजारी रविवारच्या दहा केसेस,
तोंडं वर करून, ओळीत.