असंच

उदगीरला मोंढ्याकडं वळताना डाव्या हाताला
चार बाय सहाचं आमचं दुकान.
बाप संगप्पा, आडनावच फुलारी,
त्यामुळं वेगळा धंदा शोधायचा त्रास वाचला.

सहावीपासून मी सुई ओवते.
झेंडूचा देठ किती खुडायचा,
शेवंती कुठं टोचली की पाकळी झडत नाही,
हे हातांना ठाऊक, डोक्याला विचारू नका.
अर्थही हातांनीच शिकले.

बेलाची जुडी, वर धोत्र्याचं फूल : सोमवार.
गुलाबाची चादर मागताना आवाज खाली आला
की कुणाचा तरी नवस फळलेला.
दोन हार, चार जणींचा घोळका,
"अजून जरा भरगच्च नाही का हो?" : साखरपुडा.
एकच लाल गुलाब, वहीत लपवून नेलेला :
त्याचा अर्थ साऱ्या गल्लीला माहीत,
नेणाऱ्याला तेवढं वाटतं, गुपित आहे.
नव्या साहेबाला जरबेराचा बुके, वर चमकी.
मी म्हटलं, याला वासच नाही.
बाप म्हणाला, सत्काराला वास कशाला लागतो?

आणि कुणी उभ्या उभ्या
भाव न विचारता मोठी नोट पुढं केली
की बाप मान वर करत नाही,
चार फुलं जास्त घालतो,
सुटे पैसे दोन्ही हातांनी देतो.

येळवस होऊन महिना उलटला होता.
रात्रपाळी करून एस्तेर सिस्टर आली,
चपलेवर आयोडीनचा डाग, डोळे सुजलेले.
म्हणाली, "एक फूल दे.
देवाला नको, चर्चला नको, पेशंटला नको.
ज्याला काहीच अर्थ नाही असलं दे."

मी टोपल्यांवरून नजर फिरवली.
जास्वंद गणपतीची, कमळ लक्ष्मीचं,
झेंडू दसऱ्याला विकलेला, मोगरा वेण्यांना,
पांढरी शेवंती तर... ती मी मागं सारली.
सदाफुली? ती साखरेच्या आजारावर उकळून पितात,
म्हणजे तिच्याच खात्यातली.
सगळ्या दुकानात एक फूल मोकळं नव्हतं.
इतकी वर्षं ओवत होते,
कधी ध्यानातच आलं नाही.

बाप उठला. नळगीरहून आलेलं
झेंडूचं पोतं उलटं करून झटकलं.
तळाशी, शेजारच्या पट्ट्यातून
विळ्यासोबत चुकून कापून आलेल्या
करडईच्या दोन काड्या.
पिवळ्यातून केशरी होत चाललेली बोंडं,
भोवती काट्यांचा पहारा.

करडई कोण वाहतं?
कुठल्या देवानं मागितली, कुठल्या नवरीनं माळली?
तिला ओळखतात ते तेलाच्या भावानं,
फुलायच्या आधी भाजी म्हणून, नंतर घाण्यावर.
मधले हे पंधरा दिवस
ती कुणाचीच नसते.

सिस्टरनं काडी घेतली आणि "आई गं!"
अंगठ्यावर रक्ताचा थेंब.
दिवसभर दुसऱ्यांना सुया टोचणारी ती बाई
स्वतःचा अंगठा चोखत हसायला लागली,
हसता हसता आमच्या पायरीवर बसली.
आमच्या दुकानात लोक हसतात ते कामापुरतं.
असं हसू मी तिथं पहिल्यांदा ऐकलं.
समोरचा चहावालाही बघायला लागला,
आणि त्याला काही कळलं नसतानाही हसला.

"किती झाले?"
"हिला भावच नाही, माय. काय घेऊ?"

स्कूटीच्या आरशाला काडी अडकवून ती गेली,
केशरी ठिपका नाक्यापर्यंत दिसत राहिला.
बाप हात झटकत म्हणाला,
"झालं. आता हिलाही अर्थ चिकटला.
पुढल्या साली मागायला येतील बघ."

उरलेली काडी मी पाण्याच्या डब्यात उभी केली,
हारांच्या पुढं, तराजूच्या शेजारी.
संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं विचारत होती,
हे कशाला लागतं गं पोरी?

मी म्हणत होते,
असंच.