टिप्पर

भूमच्या माळावर, डिसेंबरची चौदावी रात्र.
क्रशर गप.
झरिना उल्का मोजत होती,
एकेकीमागं एक खडा घमेल्यात. टण्ण.

मी म्हणालो, शेपटीवाला तारा असंल कुठला.
"नाही मामू, दगड आहे. फेथॉन.
सूर्याच्या इतका जवळून जातो की तडकतो.
ही त्याचीच भुकटी."

म्हणजे आपलाच धंदा की.
ताडपत्री न बांधता गेलेला टिप्पर,
वळणावर सांडलेली कच,
आणि वर्षातून एकदा
तो रस्ता ओलांडणारी
अनवाणी पृथ्वी.

टिप्पर कुठाय मग आता?
ती म्हणाली, लांब. नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही.

पहाटेपर्यंत एकशे बारा खडे झाले.
सकाळी मुकादमानं घमेलं उचललं,
ढिगावर ओतलं.